तापवाल्या बाई

डोंबिवलीत डॉक्टरांना नावं नसतात, अवयव असतात. हाडवाले, डोळेवाले, कानवाले, पोटवाले. रिक्षात बसून नुसतं "पोटवाल्यांकडे" म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात नेऊन सोडतो. मी ज्यांच्याबद्दल सांगतेय त्यांच्या वाट्याला कुठलाच अवयव आला नव्हता. त्यांना सगळे तापवाल्या बाई म्हणायचे. मानपाडा रोडला एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि बाहेर पाटी होती, 'संसर्गजन्य रोगतज्ज्ञ'. एवढा जोडाक्षरांचा शब्द वाचायला आजारी माणसाला कुठला धीर? खालचा पानवाला नव्या पेशंटला सांगायचा, "संसर्गजन्य बाई ना? वरती." बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरोबरच सांगतो तो, इतकी वर्षं या जंतूंच्या संगतीत काढली, थोडीफार झालेच असेन.

त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमची लॅब होती. मी मायक्रोबायोलॉजी शिकून नुकतीच तिथे लागलेले. घर ठाकुर्लीला, त्यामुळे आईच्या दृष्टीनं नोकरी उत्तम होती. माझ्या दृष्टीनं ती रक्त, लघवी, थुंकी आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट, एवढीच होती. पहिल्याच आठवड्यात एका पेशंटच्या रक्तात मला मलेरिया दिसला. मी रिपोर्ट वर पाठवला आणि पुढच्या कामाला लागले. थोड्या वेळानं दारात एक धिप्पाड बाई उभ्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. "दाखव," एवढंच म्हणाल्या आणि मी उठायच्या आत माझ्या स्टुलावर बसल्या.

बराच वेळ त्या मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसल्या होत्या. मला वाटलं, माझं काही चुकलं. मग त्यांनी मान वर न करताच मला बोलावलं, "अगं ये, बघ तर. अंगठी घालून कसा बसलाय. जसा काही साखरपुडाच आहे याचा."

मलेरियाचा जंतू लाल पेशीत अंगठीसारखा दिसतो हे मी पहिल्या वर्षाला शिकले होते. हा तर मीच शोधलेला. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी पुन्हा वाकून पाहिलं, आणि खरंच, फार सुबक दिसत होता. पेशंट कोण आहे, काय करतो, असं त्यांनी विचारलं. मला फक्त नाव आणि वय माहीत होतं. त्या वर गेल्या, आणि मी जेवायला डबा उघडला तोच परत खाली आल्या. पेशंट एका नव्या टॉवरवर वॉचमन होता, उकाड्यामुळे गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी झोपायचा, टाकीला झाकण नव्हतं. हे मला सांगून त्या म्हणाल्या, "आता पूर्ण झालं. नाहीतर तू अर्धीच गोष्ट बघितलीस." आणि गेल्या. संध्याकाळी त्या टाकीला झाकण बसवून घेऊनच घरी गेल्या, हे मला दुसऱ्या दिवशी पानवाल्यानं सांगितलं.

त्यानंतर रोज दुपारी त्या खाली यायच्या. डॉक्टर लॅबमध्ये येत नाहीत, फोन करतात, तोही चिडून. या मात्र माहेरी आल्यासारख्या यायच्या.

माहेर त्यांचं तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मानपाड्याच्या जुन्या आगरी घरातल्या त्या. आज जिथे टॉवर आहेत तिथे त्यांच्या लहानपणी भाताची खाचरं होती आणि त्या आवणीला, रोपं लावायला, चिखलात उतरलेल्या होत्या. पुढे त्या मुंबईत शिकल्या, परदेशात जाऊन आणखी शिकल्या आणि सगळ्यांना वाटलं तशा तिकडे न राहता परत आल्या. लग्न केलं नाही. त्यांचे थोरले भाऊ तोवर जमिनीवर बिल्डिंगा बांधून मोठे झाले होते. त्यांनी बहिणीला अख्खं हॉस्पिटल बांधून द्यायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, मला दोन खोल्या पुरे, एकीत पेशंट बसेल आणि दुसरीत तो खरं बोलेल.

पेशंटशी त्या अगदी पुस्तकी मराठीत बोलायच्या. गावातली एखादी म्हातारी आली की मात्र वाक्याच्या मध्येच भाषा बदलायची. "आपल्याला थंडी वाजून ताप येतो का," असं समोरच्या जोश्यांना विचारता विचारता दाराकडे बघून, "काय झाला गो बाय? ये, बस हतं," असं चालायचं. जोशी गोंधळायचे. म्हातारी खुशीत बसायची.

त्यांची खरी ख्याती होती ती प्रश्नांसाठी. पेशंट आत आला की आधी फाईल पुढे करायचा. बाई ती फाईल घेऊन उपडी ठेवायच्या. "हे नंतर बघू. आधी गोष्ट सांगा." मग कुठे कुठे जाऊन आलात, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयताला, पाणी कुठलं प्यायलात, घरात पोपट आहे का, शेजारी कबुतरं आहेत का, कुठल्या तळ्यात उतरलात, झोपता कुठे, बाजूला कोण झोपतं. लोक वैतागायचे. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ एकदा चिडून म्हणाले, तुम्ही डॉक्टर आहात की पोलीस? बाई शांतपणे म्हणाल्या, "पोलिसांचं सोपं असतं. त्यांचा आरोपी बोलतो तरी."

त्याच गृहस्थांना कित्येक आठवडे संध्याकाळचा ताप येत होता आणि कंबर धरली होती. सगळ्या तपासण्या झालेल्या. बाईंच्या प्रश्नांना कंटाळून ते सांगू लागले, की रिटायर झाल्यापासून प्रकृतीची मी फार काळजी घेतो, पिशवीतलं दूध बंद केलंय, रोज पहाटे चालत तबेल्यावर जातो आणि तिथेच उभ्या उभ्या धारोष्ण दूध पितो. बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी जिन्यातूनच मला हाक मारली. जनावरांच्या कच्च्या दुधातून येणारा एक हट्टी जंतू असतो, तो वाढायला वेळ घेतो, म्हणून मी ते रक्त नेहमीपेक्षा जास्त दिवस सांभाळून ठेवलं. तो निघाला. गृहस्थ औषधांनी बरे झाले, आणि पुढे कितीतरी दिवस मानपाडा रोडवर भेटेल त्याला "दूध उकळा" म्हणून सांगत फिरत होते. दुसऱ्यांना तो विषय टाळण्यासाठी रस्ता ओलांडावा लागे.

हात धुण्याबद्दल तर बोलायलाच नको. औषध कंपन्यांची मुलं गळ्यात टाय बांधून यायची. बाईंचं म्हणणं, टाय हा माणसाच्या अंगावरचा एकमेव कपडा जो कधी धुतला जात नाही आणि सगळ्या पेशंटांच्या खाटांवर लोळून येतो. म्हणून दाराबाहेर भिंतीला खिळे ठोकलेले होते. टाय तिथे काढून ठेवायचा, बेसिनवर हात धुवायचे, मग आत यायचं आणि काय विकायचं ते विका. उन्हाळ्यात ती मुलं टाय काढायला मिळतो म्हणून मुद्दाम बाईंकडे जास्त वेळ बसायची. एकदा एक जण दुसऱ्याचा टाय घालून गेला आणि त्यावरून खाली बराच गोंधळ झाला.

पण त्या मुलांची गोची व्हायची ती वेगळ्याच कारणानं. बाई औषधच देत नसत. म्हणजे लागेल तिथे देत, आणि पूर्ण देत, एक गोळी राहिली तरी घरी फोन करत. पण साध्या सर्दी-तापाला अँटिबायोटिक मागणारा माणूस आला की त्यांची मान हलायला लागायची. जिममध्ये जाणारा एक तगडा मुलगा हट्टाला पेटला होता, मॅडम, एकदम स्ट्राँग काहीतरी द्या, परवा मॅच आहे. त्याला त्यांनी समजावलं की व्हायरस हा अँटिबायोटिकला ओळखतच नाही, त्याच्या दृष्टीनं ती गोळी म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं वॉरंट. पेज प्या, झोपा, आणि अमुक अमुक झालं तर मात्र लगेच या. तो म्हणाला, मग तुम्ही काय दिलंत? बाई म्हणाल्या, "मी थांबायला दिलं. सगळ्यात महाग औषध आहे ते, कोणी लिहूनच देत नाही."

थांबायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही, हेही तिथेच शिकले. त्या मुलाला त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. आईनं उचलला. तो झोपला होता.

माझ्या बाबांची गोष्ट सांगायलाच हवी. बाबा दसऱ्यानंतर कोकणात गावी गेलेले. कोणी राहत नाही तिथे, पण परड्यातलं गवत माजतं आणि ते स्वतः कापल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. परत आले आणि तापानं फणफणले. डोकं इतकं दुखायचं की पंख्याचा आवाज सहन होईना. डेंग्यू असेल म्हणून मी लगेच तपासलं, नव्हता. मलेरिया नव्हता. प्लेटलेट्स मात्र रोज खाली. त्यांना जवळच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. प्लेटलेट्स वाढतात म्हणून नातेवाईकांनी किवी आणायला सुरुवात केली. खाटेशेजारच्या टेबलावर किवींचा ढीग, आणि बाबांना ते फळ मुळात केसाळ म्हणून आवडत नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी ते मला ओळखत होते, पण मधेच भलतंच बोलायला लागले. आई देवापुढून उठेना. मी लॅबमध्ये येऊन नुसती बसले, तेव्हा बाई नेहमीसारख्या खाली आल्या.

त्यांनी काही धीरबीर दिला नाही. बाबा गावी कशाला गेले होते, विचारलं. गवत कापायला. कापताना बसले होते का? मी म्हटलं, असतील. कशावर? मला माहीत नव्हतं. "चल," म्हणाल्या, आणि तशाच रिक्षात बसल्या.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांची त्यांनी रीतसर परवानगी घेतली, हात धुतले आणि पर्समधून बॅटरी काढली. मग त्या माझ्या वडिलांच्या अंगावर एखादं हरवलेलं कानातलं शोधावं तशा शोधायला लागल्या. कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे. बाबा ग्लानीत होते तोवर ठीक होतं. बाईंनी लेंग्याची नाडी सैल करायला सांगितली तेव्हा मात्र बाबा खडबडून जागे झाले आणि नाडी दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाले, की हे बाईमाणसाचं काम नाही. बाई म्हणाल्या, "बाबा, मी बाई नाही, तापवाली आहे. सोडा."

नाडी जिथे बांधतात तिथेच, कमरेच्या वळीत, एक छोटी काळी खपली होती. सिगरेटचा चटका बसल्यासारखी. दुखत नव्हती, म्हणून कोणालाच माहीत नव्हती. बाईंनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि टाळीच वाजवली. गवतात एक बारीक किडा असतो, डोळ्यांनाही न दिसणारा. तो चावतो त्या जागी अशी खपली धरते आणि मागाहून हा ताप येतो. डेंग्यूसारखा दिसतो, पण त्याचं औषध वेगळं, साधं आणि जुनं. ते औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं. माझ्याकडून पुढची तपासणीही त्यांनी करून घेतली आणि तीही तेच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेले तर बाबा उठून बसले होते आणि किवी कोणी आणले याची चौकशी करत होते.

बाबांना एका गोष्टीचा राग बरेच दिवस होता. मी मरायला टेकलेलो आणि ती बाई टाळ्या वाजवत होती, असं ते सांगत. पण सांगत मात्र सगळ्यांना. बाईंनी त्यांच्या परवानगीनं त्या खपलीचा फोटो काढला होता आणि तो शिकाऊ डॉक्टरांना दाखवायच्या, हे कळल्यावर तर राग गेलाच. लग्नात कोणी भेटलं की बाबा सांगायचे, आमचा फोटो मेडिकल कॉलेजात दाखवतात. कशाचा, ते सांगत नसत.

सगळ्याच गोष्टी अशा नव्हत्या. कोविडबद्दल बाई बोलत नाहीत. आम्ही दोघी त्या काळात त्याच बिल्डिंगमध्ये होतो, वर आणि खाली, पण रोज दुपारचं येणं बंद झालेलं. जिन्यात लांबून दिसायच्या, बुटांवरून ओळखू यायच्या. नंतर कधीतरी मी विचारलं तेव्हा एकच वाक्य म्हणाल्या, "तेव्हा कोणाची गोष्ट ऐकायला मिळाली नाही. श्वासच पुरत नव्हता त्यांना." आणि मायक्रोस्कोपकडे वळल्या.

आता त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचं सांगते.

थोरल्या भावाचा मुलगा. आगऱ्यांकडे लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. भावानं मैदानात मांडव घातलेला, डीजे सांगितलेला, मांडवामागे बोकड आणून बांधलेले. सगळ्या गावाला आमंत्रण. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी बाई मला जेवायला त्यांच्या भावाच्या घरी घेऊन गेल्या. नवरा मुलगा आमच्या समोरच बसला होता. उकाड्यानं सगळ्यांचं पाणी होत होतं आणि हा पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून. जेवतही नव्हता. बाई मासे खाता खाता त्याच्याकडे बघत होत्या. हात धुऊन झाल्यावर त्या त्याला खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि शर्ट काढायला लावला.

छातीवर, पाठीवर पाण्यानं भरलेले बारीक फोड. तापही होता. त्यानं दोन दिवस गोळ्या खाऊन दाबलेला, कारण बापाला सांगायची हिंमत नव्हती. "पुस्तकात याला गुलाबाच्या पाकळीवरचं दव म्हणतात," बाई मला म्हणाल्या. "लिहिणाऱ्याला कधी कांजिण्या झाल्या नसणार."

मग त्या भावाकडे वळल्या आणि म्हणाल्या, दादा, उद्याची हळद होणार नाही.

भाऊ आधी हसले. कांजिण्या काय, सगळ्यांना होतात. मेकअपवाल्याला सांगू, फोड दिसणार नाहीत. बाईंनी समजावलं की दिसण्याचा प्रश्न नाही. हा आजार नुसत्या एका खोलीत बसलं तरी लागतो. हळदीला अख्खं गाव त्याला हात लावणार. त्यात तान्ही मुलं येणार, म्हातारी माणसं येणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नवऱ्या मुलाची सख्खी बहीण. ती कल्याणला सासरी होती, दिवस भरत आले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणायला गाडी जाणार होती. तिला लहानपणी कांजिण्या झाल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. बाळंतपणाच्या तोंडावर आईला कांजिण्या झाल्या तर आईच्या आणि बाळाच्या, दोघांच्याही जिवावर बेततं.

भावाचा आवाज चढला. मांडव उभा आहे, माणसं निघाली आहेत, दिवा गावचे व्याही काय म्हणतील, मुलात खोट आहे म्हणून लग्न मोडतील. आणि शेवटी ते म्हणाले, की तू स्वतः संसार केला नाहीस, तुला यातलं काय कळणार.

   बाईंनी भावाकडे पाठ केली आणि दारात पदर धरून उभ्या असलेल्या वहिनीला, मुलाच्या आईला, हळू आवाजात विचारलं, "वैनी, घरान देवी आयली का आपली आय काय करायची?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. पण प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. त्या एकेक सांगू लागल्या. दाराला निंबाचा पाला लावायची. घरात मटण-मासळी नाही, फोडणी नाही. मुलाला वेगळ्या खोलीत सुती कपड्यावर निजवायचं. बाहेरच्यानं उंबरा ओलांडायचा नाही. बाई प्रत्येकाला मान डोलवत होत्या. "आनि पोटुशी बाय?" त्यांनी विचारलं.

"तिना तं सावलीलाबी येवाचा नाय," वहिनी म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. मग त्यांनी डोळे पुसले, नवऱ्याकडे बघितलं आणि सांगितलं, की देवी घरात असताना मी हळद लावू देणार नाही. आणि लेकीला आणायला गाडी गेली तर मी तिच्यासमोर आडवी पडेन.

भाऊ मांडवात जाऊन खुर्चीवर बसले. त्या निर्णयानं त्या घटकेला मनापासून सुखावलेले काय ते बोकडच.

बाईंनी पुतण्याला त्याच दुपारी गोळ्या सुरू केल्या. मग मांडवात गेल्या. डीजेवाला आवाज तपासत होता, त्याच्या हातातून माईक घेतला आणि अख्ख्या मानपाड्याला ऐकू जाईल असं सांगितलं की हळद पुढे गेली आहे, नवऱ्या मुलाला कांजिण्या झाल्या आहेत, घाबरायचं काही नाही, पण भेटायला कोणी येऊ नये, आणि गेल्या दोन-तीन दिवसांत ज्यांनी त्याला मिठ्या मारल्या त्यांनी उद्या सकाळी माझ्याकडे यावं. दुसऱ्या दिवशी जिन्यावर त्याच्या मित्रांची रांग होती, हळदीसाठी शिवलेले एकसारखे झब्बे घालून, कारण शिवलेत तर घालायचे कधी. ज्यांना लहानपणी झाल्या नव्हत्या त्यांना बाईंनी लस टोचली.

परतताना मी त्यांना विचारलं, की तुम्ही देवीबिवी मानत नाही, मग? त्या म्हणाल्या, "अगं, त्यांच्याकडे मायक्रोस्कोप नव्हता. बघून बघून ठरवलेलं होतं त्यांनी. कारण चुकीचं सांगितलं, पण दार बरोबर लावलं."

राहिले दिव्याचे व्याही. तिथे जायला भाऊ तयार होईनात, म्हणून बाई स्वतः गेल्या आणि मला बरोबर नेलं. पाण्याचा टँकर नुकताच येऊन गेलेला. मुलीच्या घरात सगळी भांडी भरून ठेवलेली, आणि त्या भांड्यांमधून वाट काढत आम्ही बसलो. मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. खरंच कांजिण्याच आहेत ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. आईनं नुसतं पाणी आणलं. बाई नवऱ्या मुलीला म्हणाल्या, जरा उजेडात ये. ती घाबरत आली. परवाच ती आणि तो कपडे घ्यायला बरोबर गेलेले, हे तिनं आईवडिलांना सांगितलं नव्हतं, आता सांगावं लागलं.

तिच्या भुवईच्या वर एक बारीक खड्डा होता. बाईंनी विचारलं, हे कशानं? मुलगी हात कपाळावर नेऊन म्हणाली, लहानपणी कांजिण्या झालेल्या, मेकअपवाली बुजवणार आहे. बाईंनी तिचा हात बाजूला केला, त्या खड्ड्याकडे मलेरियाची अंगठी बघावी तसं बघितलं आणि म्हणाल्या, "हा बुजवू नकोस. आज सगळ्या पाहुण्यांत त्याच्याजवळ बसायची परवानगी मी फक्त तुला देऊ शकते, ती याच्यामुळे."

मुलीच्या वडिलांना हसू आलं. त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला, पण तोवर आईनं चहा टाकला होता.

आणि ती खरोखरच यायला लागली. दिव्याहून रोज दुपारी यायची. उंबऱ्यापाशी निंबाचा पाला, आत तो पांढऱ्या चादरीवर फोड खाजवायचं टाळत पडलेला, आणि ही शेजारी बसून त्याला गप्पांत गुंतवायची. त्यांचं लग्न ठरलेलं ते दोन भेटींत. त्या आजारात त्यांना जेवढं बोलायला मिळालं तेवढं त्या घरात आधी कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. वहिनी बाहेरून ऐकायच्या आणि मला सांगायच्या, की आमचं लग्न झाल्यावर हे माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते जत्रेला गेल्यावर.

भावाचा अबोला मात्र सुटला नाही. दवाखान्याच्या खालून गाडी जायची, काच खाली व्हायची नाही. बाई दाखवत नसत, पण दुपारी खाली आल्या की मायक्रोस्कोपमध्ये न बघताच बसून राहायच्या. मधे कल्याणहून फोन आला, पुतणी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. त्या दिवशी त्यांनी पूर्ण बिल्डिंगला पेढे वाटले, टायवाल्या मुलांनाही, हात धुऊन. भावाच्या घरून पेढे आले ते नोकराबरोबर.

पुतण्याच्या सगळ्या खपल्या पडून गेल्यावर आणि मित्रांपैकीही कोणाला नवे फोड येत नाहीत अशी बाईंची खात्री झाल्यावर नवी तारीख निघाली. मांडव पुन्हा उभा राहिला. मी आईबाबांना घेऊन हळदीला गेलेले. धवलारीण, म्हणजे त्यांच्याकडे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, खणखणीत आवाजात धवले म्हणत होती. तिचं संपलं की डीजे सुरू व्हायचा. मित्रांनी तेच झब्बे पुन्हा घातले होते. नवरी दुसऱ्या दिवशी लग्नात येणार होती, तरी वहिनींनी तिचा फोटो फोनवर सगळ्यांना दाखवला. कपाळ मोकळं होतं. बाळाला मांडीवर घेऊन पुतणी बसली होती आणि बाया तिच्याभोवती जमल्या होत्या. बाबांनी जेवायच्या पंगतीत आपल्या कमरेची गोष्ट एका अनोळखी माणसाला सांगायला घेतली होती.

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर एकट्या होत्या. गालाला हळद, हातात रिकामा ग्लास. मी त्यांच्याकडे निघाले, तेवढ्यात त्यांचे भाऊ मटणाचं ताट घेऊन आले. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, ताट दोघांच्या मधे ठेवलं आणि बसले. दोघं नाचणाऱ्यांकडे बघत जेवू लागले. मी तिथेच थांबले.

मग भाऊ समोर बघतच म्हणाले, की धाकट्याचंही पुढच्या वर्षी करायचं आहे. तारीख धरायच्या आधी तुला विचारतो.

बाईंनी हाडावरचं मटण सोडवून त्यांच्या बाजूला सरकवलं.

"तारीख भटाला इचार, दादा," त्या म्हणाल्या. "मना निसता नवरा दाखव."